हाकेन गेटच्या कुठल्या बाजूला

दिवाळीत सासरी बेळगावला गेले होते. फराळाच्या ताटल्या उचलून नुकती टेकले होते तेवढ्यात धाकटा दीर मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसला. स्क्रीनवर तेरा नावांची यादी. "वहिनी, ह्यातलं आधी कुठलं खेळू? सांग की. जो तो वेगळंच सांगतोय." यादी निहोन फाल्कॉम या जपानी कंपनीच्या ट्रेल्स नावाच्या व्हिडिओ गेम सिरीजची होती, जपानीत जिला कीसेकी म्हणतात ती. मी लगेच सांगून टाकलं, 'ट्रेल्स इन द स्काय'पासून कर, पहिला भाग, डोळे झाकून. तो बरं म्हणून उठून गेला पण माझ्या मनातून ते काही जाईना, कारण मी स्वतः तिथून सुरुवात केली नव्हती, आणि त्यामुळे माझं काय गेलं आणि काय मिळालं हे मला सात वर्षं झाली तरी आठवतंय.

मुळात हा प्रश्न सगळ्या सिरीजना पडत नाही. फायनल फँटसी १९८७ पासून चालू आहे पण तिथे आकडा बदलला की बहुतेक वेळा जगच बदलतं, माणसं नवी, गोष्ट नवी, तुम्ही सातवा खेळा नाहीतर दहावा, काही बिघडत नाही. एल्डर स्क्रोल्सचं पण तसंच, माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी २०११ च्या स्कायरिमपासून सुरुवात केली, म्हणजे पाचव्यापासून, आणि कुणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. विचर तर तिसऱ्यापासून खेळलेलेच जास्त भेटतात.

ट्रेल्स तशी नाही. ती एकच गोष्ट आहे. २००४ मध्ये जपानमध्ये विंडोजवर पहिला गेम आला आणि २०२४ मध्ये तेरावा, आणि वीस वर्षं तेच खंड, तीच माणसं, तोच चालू काळ. पहिल्या गेममधली छोटी पोरगी आठव्या गेममध्ये मोठी होऊन समोर येते. पहिल्यात कुणीतरी बोलता बोलता एका शहराचं नाव घेतं आणि ते शहर तुम्ही चौथ्या गेममध्ये गल्ली न गल्ली फिरता. सगळे मिळून ढोबळमानाने सहाशे तासांच्या वर खेळ आहे, त्यातला निम्मा वेळ तर नुसतं वाचायचं असतं, म्हणजे ज्याला वाचायची आवड नाही त्याने इकडे फिरकू पण नये.

आणि 'पहिल्यापासून कर' म्हणणं वाटतं तितकं सरळ पण नाही. 'ट्रेल्स इन द स्काय' जपानमध्ये आला तेव्हा त्याच्या नावात सहाचा आकडा होता! लेजंड ऑफ हीरोज ही जुनी सिरीज १९८९ पासूनची, तिचा हा सहावा भाग, आधीच्या पाचांची जगं वेगळी. सहाव्यात झेमुरिया नावाचा खंड नव्याने उभा केला आणि मग तोच इतका वाढला की आता सगळे त्यालाच पहिला म्हणतात. त्यातही लिहिता लिहिता गोष्ट एवढी मोठी झाली की एका गेममध्ये मावेना, मग दोन भाग केले, आणि पुढे तिसराही आला. पहिला भाग जिथे तुटतो ना, तिथे तुटणं किती क्रूर आहे ते खेळलेल्यालाच माहीत. जपानी लोकांना दुसऱ्या भागासाठी २००६ पर्यंत थांबावं लागलं. इंग्रजीत खेळणाऱ्यांना २०११ ते २०१५. चार वर्षं, त्या शेवटावर!

माझी सुरुवात झाली २०१८ च्या डिसेंबरात. पुण्यात पहिली नोकरी, रूमवर एक साधा लॅपटॉप, स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानात, सेल लागलेला. 'ट्रेल्स ऑफ कोल्ड स्टील' स्वस्तात दिसला, मुखपृष्ठावर लाल गणवेशातली शाळेची मुलं, नावापुढे आकडा नाही, म्हणजे पहिलाच असणार असं मी धरलं आणि घेतला. खरं तर तो सहावा. मला हे कळलं तेव्हा माझे वीसेक तास खेळून झाले होते.

त्या वीस तासांत मात्र मी त्या शाळेची झाले होते. ट्रिस्टा नावाचं छोटं गाव, रेल्वेतून उतरलं की स्टेशनसमोर फुलांनी लगडलेली झाडं, थॉर्स मिलिटरी अकॅडमी, तिथे सरदारांच्या मुलांना पांढरा गणवेश आणि साध्या घरच्यांना हिरवा, आणि फक्त आमच्या वर्गाला, क्लास सेव्हनला, लाल, कारण तिथे दोन्हीकडची मुलं एकत्र बसवलेली. गेमचा नायक रीन श्वार्झर म्हणजे मी. दर महिन्याला कुठेतरी अभ्यासदौऱ्यावर पाठवायचे, परत आलं की वसतिगृहाचा जिना चढताना खरंच घरी आल्यासारखं वाटायचं. एरेबोनिया साम्राज्य म्हणजे माझा देश होता. साम्राज्य म्हणजे काय याचा मी विचार पण केला नव्हता. रेल्वेतून खिडकीबाहेरची शेतं बघायची आणि पुढच्या स्टेशनला काय खायला मिळेल ते बघायचं, देश म्हणजे माझ्यासाठी एवढाच.

पण मधूनमधून काहीतरी टोचायचं. कुणीतरी मोठा माणूस यायचा आणि दुसऱ्याकडे बघून असा हसायचा की त्या हसण्यामागे आपल्याला न सांगितलेलं वर्षभराचं काहीतरी आहे हे कळावं. एखाद्या देशाचं नाव निघालं की खोलीतली हवा बदलायची. लग्नानंतर मी पहिल्यांदा या बेळगावच्या घरात आले तेव्हा मला नेमकं हेच आठवलं. सगळे जेवायला बसलेत, काका एक शब्द बोलतात आणि सगळं घर खदखदून हसतं, आपण पण हसतो पण कशावर ते माहीत नसतं. आत्याबाई एका ठराविक खोलीत का जात नाहीत ते कुणी सांगत नाही, आणि सांगायचं राहिलंय हे कुणाच्या लक्षात पण येत नाही कारण त्यांना ते कायमचंच माहीत आहे. मधूनच घरात आलेल्या माणसाला प्रेम मिळतं, मान मिळतो, पण मागचं सगळं तुकड्यातुकड्यांनी आणि उलट्या क्रमाने कळत जातं.

तर मी उलट्या क्रमाने गेले. 'कोल्ड स्टील'चा दुसरा भाग संपवून मग परत मागे, २००४ च्या 'स्काय'कडे. चित्रं जुनी, वरून दिसणारी गावं, छोटी छोटी गुटगुटीत माणसं, बटण दाबून कॅमेरा फिरवायचा. लिबर्ल नावाचं छोटंसं राज्य. रोलेंट गाव. एस्टेल ब्राइट नावाची सोळा वर्षांची मुलगी, हातात लांब काठी, तिचा मानलेला भाऊ जोशुआ, दोघांना ब्रेसर व्हायचंय, म्हणजे लोकांची कामं करून देणाऱ्या, गरज पडली तर लढणाऱ्या एका गिल्डमध्ये जायचंय. पहिली कामं काय, तर ल्यूक आणि पॅट ही दोन पोरं न सांगता जुन्या टॉवरकडे गेलीत त्यांना शोधून आणा, आणि पर्झेलांच्या शेतात रात्री काहीतरी येऊन भाज्या खातंय ते बघा. जग वाचवायचं नाव नाही. तास दीड तास मी एका शेतात रात्री प्राणी हुसकत होते.

आणि मला ते इतकं आवडलं की काय सांगू. या सिरीजची खरी करामत इथेच आहे आणि ती ट्रेलरमध्ये कधीच दिसणार नाही. गोष्टीत जरा काही घडलं की गावातला प्रत्येक माणूस नवं बोलतो. दुकानदार, खानावळीतली मुलगी, बाकावर बसलेले आजोबा, सगळे. तुम्ही जाऊन विचारलं नाही तर ते तुम्हाला कधी कळणार पण नाही, लिहिणाऱ्याने ते तरीही लिहून ठेवलंय. मी प्रत्येक वेळी गावभर फिरायचे, दार न दार. कुणाचं लग्न ठरत असायचं, कुणाचं दुकान चालत नसायचं. कंपनीचे अध्यक्ष तोशिहिरो कोंदो हे आधी याच लेजंड ऑफ हीरोजचे चाहते होते, स्वतःची फॅन साइट चालवायचे, मग कंपनीत लागले आणि २००७ मध्ये अध्यक्ष झाले. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, हां, म्हणूनच. बाकावरच्या आजोबांचं पुढे काय झालं याची काळजी चाहत्यालाच असते.

तर त्या रोलेंटमध्ये मध्यभागी घड्याळाचा मनोरा आहे. खेळता खेळता कळतं की दहा वर्षांपूर्वी युद्धात तो कोसळला होता, आणि त्याच्याखाली एस्टेलची आई गेली, एस्टेलला वाचवताना. युद्धाचं नाव शंभर दिवसांचं युद्ध. आणि ते कुणी लादलं होतं? एरेबोनियाने. माझ्या देशाने.

मी ते नाव 'कोल्ड स्टील'मध्ये वाचलं होतं. वाचून बटण दाबून पुढे गेले होते, जसं आपण शाळेत सनावळी वाचतो तसं. आणि आता मी त्याच युद्धात आई गेलेल्या मुलीचा हात धरून चालत होते. पुढे बोस शहराच्या उत्तरेला हाकेन गेट लागतं, सरहद्दीवरचा किल्ला, पलीकडे एरेबोनिया. एस्टेल तिथे उभी असताना मी कंट्रोलर खाली ठेवला. त्या दाराच्या पलीकडे, बऱ्याच लांब, ट्रिस्टा होतं, स्टेशनसमोरची झाडं होती, माझं वसतिगृह होतं. आणि अलीकडच्या माणसांना त्या दाराकडे बघितलं की आतून गार वाटत होतं. दोन्ही मला खरं वाटत होतं. पुस्तकं वाचली, सिनेमे बघितले, पण सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना माझंच घर असल्यासारखं मला दुसऱ्या कशाने कधी वाटलं नाही.

म्हणून जेव्हा लोक म्हणतात की चुकीच्या गेमपासून सुरुवात केली तर स्पॉयलर मिळतात, म्हणजे पुढचं रहस्य आधीच कळतं, तेव्हा मला वाटतं हो, मिळतात, पण ती छोटी गोष्ट झाली. माझं एक मोठं रहस्य गेलं हे खरं आहे. 'स्काय'मध्ये एक माणूस भेटतो, तो कोण हे मी इथे लिहिणार नाही, पण तो पहिल्या क्षणी पडद्यावर आला आणि मी त्याला ओळखलं, बाकी जगाला ते कळायला कित्येक तास लागले असतील, मला ते तास परत मिळणार नाहीत आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. पण त्याहून मोठी गोष्ट ही की जिथून तुम्ही सुरू करता ते तुमचं गाव होतं. बाकी सगळे देश तुम्ही त्या गावाच्या वेशीवरून बघता. 'स्काय'पासून आलेला माणूस 'कोल्ड स्टील'मध्ये शिरतो तेव्हा त्या सुंदर रेल्वेकडे पण जरा सावधच बघत असणार, मी मात्र त्यात निवांत खिडकीशी बसले होते.

मग क्रॉसबेल, ते चौथ्या गेममधलं शहर. 'ट्रेल्स फ्रॉम झीरो' आणि 'ट्रेल्स टू अझ्युअर', जपानमध्ये २०१० आणि २०११ चे, म्हणजे क्रमाने 'स्काय'च्या तीन भागांनंतर आणि 'कोल्ड स्टील'च्या आधी. पण इंग्रजीत ते अधिकृतपणे आले २०२२ आणि २०२३ मध्ये. म्हणजे कित्येक वर्षं जपानी न येणाऱ्या माणसाला क्रमाने खेळायचं म्हटलं तरी खेळता येत नव्हतं, मधला रस्ताच नव्हता. जिओफ्रंट नावाच्या चाहत्यांच्या गटाने स्वतः भाषांतर करायला घेतलं, नोकऱ्या शिक्षणं सांभाळून, आणि 'झीरो'चं भाषांतर मार्च २०२० मध्ये पूर्ण करून दिलं. पुढे अधिकृत आवृत्ती आली ती त्यांच्याच कामावर उभी राहिली. मार्च २०२० म्हणजे आपल्याकडे लॉकडाऊनचा महिना. माझी रूममेट गावी गेली होती, मी पुण्यात एकटी अडकलेली, खाली रस्त्यावर एक माणूस नाही आणि लॅपटॉपमध्ये क्रॉसबेलच्या चौकात एवढी गर्दी की प्रत्येकाशी बोलायला तासभर लागायचा. त्या चौकातल्या घंटेखाली मी रोज संध्याकाळी उभी राहायचे. मला त्या शहराने त्या दिवसांत सोबत केली, हे मी कुणालाही सांगायला तयार आहे.

क्रॉसबेल आहे कसं, तर एका बाजूला एरेबोनिया, दुसऱ्या बाजूला कॅल्व्हार्ड, दोघंही म्हणतात आमचं, दोघांनाही कराचा वाटा जातो, आणि मधल्या लोकांना विचारत कुणीच नाही. पैसा भरपूर, बँका, उंच इमारती, आणि न्याय मात्र कुणाचा चालेल ते त्या दिवशीच्या वाऱ्यावर. तिथे लॉइड बॅनिंग्ज नावाचा पोरगा पोलिसात लागतो, त्याचा भाऊ पण पोलिसातच होता, तीन वर्षांपूर्वी मारला गेला. त्याला टाकतात एका नव्या छोट्या विभागात, एली, टिओ, रँडी, असे चौघं, आणि शहरात पोलिसांना काडीची किंमत नाही, लोकांचा जीव ब्रेसर गिल्डवर.

हे सगळं दिवाळीच्या त्या संध्याकाळी मी दिराला परत बोलावून सांगितलं, गच्चीवर, आकाशकंदिलाची वायर नीट करताना. नुसतं नाव सांगून मला समाधान नव्हतं. सांगितलं की बाबा, तुझा लॅपटॉप नवा आहे, तर सप्टेंबर २०२५ मध्ये 'स्काय'च्या पहिल्या भागाचा रिमेक आलाय तो घे, गोष्ट तीच, गावं आता खऱ्यासारखी मोठी, बऱ्याच प्रसंगांना आवाज आहे, म्हणजे सगळं वाचून डोळे दुखणार नाहीत. पैसे वाचवायचे तर जुना घे, सेलमध्ये अगदी स्वस्त मिळतो, जुन्या मशीनवर चालतो, आणि तुझा सेव्ह, म्हणजे खेळून झालेल्याची नोंद, दुसऱ्या भागात पुढे नेता येतो. चालत चालत कंटाळा आला तर वेग वाढवायचं बटण आहे, पण गावात असताना ते दाबू नको. पहिले दहा तास काहीच होत नाही असं वाटेल, ते दहा तासच पुढच्या सहाशे तासांचं बियाणं आहे. कुणी सांगेल याच सिरीजमधल्या 'डेब्रेक'पासून कर, नवा देश, नवा नायक, लढाई जास्त चटपटीत. तसं केलं तर चालेल, पण तेव्हा तू लग्नघरात जेवणाच्या शेवटच्या पंगतीला पोचलेला असशील.

तो ऐकत होता. मराठी शाळेत शिकलाय, इंग्रजी वाचायला त्याला जरा वेळ लागतो, पण चिकाटीचा आहे. त्याने एकच विचारलं, "ते मधलं शहर म्हणालीस ते, दोघं पण आमचं म्हणतात ते. ते कितवं?"

म्हटलं चौथं.

"आमच्यासारखंच आहे की ते."

बेळगावात वाढलेल्या पोराने हे म्हटल्यावर मी काय बोलणार. इथे दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर लिहायची इथपासून विषय निघतो, आणि त्याच्या आजोबांपासून तिसरी पिढी ते ऐकत जेवतेय. मी पुण्यातून आले, मला ते लग्नानंतर कळलं, तुकड्यातुकड्यांनी. तरी मी म्हटलं, आधी 'स्काय'. तो हो म्हणाला.

मागच्या महिन्यात आम्ही परत गेलो तेव्हा त्याच्या खोलीत डोकावले, तर स्क्रीनवर क्रॉसबेलचा चौक. 'झीरो' घेतला होता त्याने, थेट. मला क्षणभर वाईट वाटलं, राग नाही, वाईट, कारण रोलेंटचा तो मनोरा, तो पहिल्या भागाचा शेवट, ते सगळं कोऱ्या मनाने बघायची संधी एकदाच असते आणि ती त्याला मिळावी म्हणून मी एवढा जीव टाकून सांगितलं होतं. मी दारातच उभी राहिले. त्याने मागे न बघता खुर्ची सरकवून मला जागा केली.

पंधरा तास झाले होते त्याचे. सुरुवातीलाच अ‍ॅरिओस नावाचा मोठा ब्रेसर येऊन पोरांना वाचवून जातो आणि पेपरात त्याचं कौतुक, या चौघांची टर, त्यावर तो अजून तापलेला होता. "आम्ही खाली भुयारात मार खाल्ला आणि फोटो त्याचा," म्हणाला. आम्ही म्हणाला. कुठलं दुकान कुठे, कुणाची बायको रुसलीय, कुठल्या गल्लीत रात्री जायचं नाही, सगळं तोंडपाठ. मला 'झीरो' खेळताना यातलं निम्मं पण लक्षात राहिलं नव्हतं, कारण मी तिथे लिबर्लमधून आले होते, पाहुणी म्हणून, आणि माझं सगळं लक्ष ओळखीचं कुणी भेटतंय का याकडे होतं.

आणि तेवढ्यात ते भेटलेच. स्क्रीनवर दोन ब्रेसर आले, एक मुलगी आणि एक मुलगा. मला एकदम भरून आलं. मी त्या मुलीला पर्झेलांच्या शेतात बघितलं होतं, त्या टॉवरवर, हाकेन गेटपाशी, आणि त्यानंतर जे काही तिच्या वाट्याला आलं त्या सगळ्यात मी होते. ती इथपर्यंत कशी पोचली हे मला माहीत होतं, आणि ती हसत होती.

दिराने भुवया चढवल्या. "ही काठीवाली कोण आता? बाहेरून आली आणि लगेच सगळे हिचंच नाव घ्यालेत. आमच्या गावात येऊन आमचीच कामं न्यायची म्हणजे..." मग माझ्याकडे वळून बघितलं आणि थांबला. "वहिनी, तू ओळखतेस का तिला?"

"ओळखते," म्हटलं. "तिचं गाव रोलेंट."

त्याने गेम तिथेच थांबवला, आणि विचारलं, ते कुठे आलं.